सरनेम

सीबीएसच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून
माझं टेबल. लॅपटॉप, प्रिंटर,
दोन निळ्या खुर्च्या, त्यातली एक तिरकी.
पाटीवर: सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.
खाली बारीक अक्षरात: नावात बदल, राजपत्र.

बारा वर्षं लोकांची नावं
मी चौकोनात बसवते आहे.
पहिला चौकोन कुणालाच जड जात नाही.
मधलाही नाही, तिथे बाप नाहीतर नवरा
आधीच बसलेला असतो.
तिसऱ्यापाशी बोट थांबतं.
सरनेम. पुढे लाल चांदणी,
म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

हा शब्द माझ्या टेबलावर वेगवेगळा येतो.
सिन्नरच्या काकू सन्नेम म्हणतात,
मालेगावचे चाचा सिरनेम,
कोर्टातले एक वकील लास्टनेम म्हणतात
आणि मग आवाज उतरवून,
"म्हणजे मूळचे कोण तुम्ही?"

त्याआधी आपल्याकडे आडनाव होतंच.
आड म्हणजे विहीर, आड म्हणजे आडवं येणारं.
गंगापूर रोडला खोली बघायला गेले
तेव्हा दोन्ही अर्थ एकदम कळले:
मालकिणीने नाव ऐकून पाणी दिलं,
आडनाव ऐकून
खोली परवाच गेल्याचं सांगितलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तो शब्द फोडत बसते.
सगळे तुकडे मराठीच निघतात.
सर मोत्यांचा, सर पावसाची,
गड सर होतो,
आणि एकीची सर दुसरीला येत नाही.
नेम सोमवारचा पाळतात, पाखरावर धरतात,
माणसाचा तर काहीच नेम नाही.

मंगळवारी हरसूलहून हिरकण आली.
लेक बरोबर, जयवंती, नर्सिंगचा फॉर्म,
प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद, आणि पिशवीला गाठ.
मी विचारलं, सरनेम?
ती म्हणाली, "कोणच्या सरांचं?"

जयवंतीने मान खाली घातली.
हिरकण सांगत राहिली:
आमच्यात नुसती नावं व्हती बाई.
हिला शाळेत घातली तवा कदम सरांनी विचारलं,
मी गप्प.
त्यांनी खिडकीतून भायेर बघितलं,
डोंगर व्हता, डोंगरे लिवलं.
धाकट्याच्या वक्ताला सर बदलून गेलेले.
नव्या सरांनी शेजारच्या पोराचं बघून
भोये लिवलं.
आता बहीण डोंगरे, भाऊ भोये,
मी रेशनकार्डावर कायीच नाय.
तुला कोणच्या सरांचं पायजे?

मी हसणार होते. हसले नाही.
एवढी वर्षं फोडत बसले होते तो शब्द,
हिने एका प्रश्नात जोडून दाखवला.
सरांनी दिलेलं नाव ते सरनेम.
डिक्शनरीत चुकीचं असेल,
हरसूलच्या हजेरीबुकात बरोबर आहे.

मग नेहमीचं: दाखल्यावर एक, मार्कलिस्टवर एक,
प्रतिज्ञापत्र लागेल, राजपत्र लागेल,
इतके दिवस, इतके पैसे.
हिरकणने सगळं ऐकलं.
तिरक्या खुर्चीत सरळ बसायचा प्रयत्न करत म्हणाली,
"आन तुझं? तुझं कोणी लिवलं?"

माझ्या डिग्रीवर वडिलांचं आहे.
आधारवर ज्याचं आहे तो आता पुण्यात असतो,
बदलायचा फॉर्म रोज दुसऱ्यांसाठी भरते,
स्वतःचा राहून जातो.
पाटीवर तर मी कुणाचंच लिहिलेलं नाही,
रंगाऱ्याने विचारलं होतं,
म्हटलं जागा पुरणार नाही.

हिरकणला म्हटलं, चारची गाडी चुकेल.
मेळा स्टँड जवळच आहे, पण पिशवीची गाठ
परत मारायला तिला वेळ लागला.
पैसे घेतले, दहा कमी घेतले.
पावती कुणाच्या नावाने करू, विचारलं.
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मी नुसतं हिरकण लिहिलं.
प्रिंटरने काही विचारलं नाही.